दरीपलीकडे नेट न्यायचं: पॉइंट-टू-पॉइंट वायरलेस लिंक लावण्याची रीत

तालुक्याच्या गावात फायबर येऊन थांबलेलं असतं आणि दरीपलीकडच्या आश्रमशाळेत मोबाइलची एक काडीही येत नसते. हवाई अंतर आठ किलोमीटर, पण घाटरस्त्याने तेच तिप्पट. तिथवर फायबर ओढायचं तर खांब, वनखात्याची परवानगी आणि दरवर्षीच्या दरडी. अशा ठिकाणी दोन टोकांना दोन डिश लावून केलेली बिनतारी लिंक हाच परवडणारा मार्ग ठरतो. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने गावं जोडताना याच प्रकारच्या लिंका वापरल्या.

हे काम अवघड नाही, पण त्याचा क्रम पाळावा लागतो. बहुतेक जण रेडिओ विकत आणतात, मेन्यूमध्ये सेटिंग भरतात आणि मग खांबावर चढून सिग्नल शोधत बसतात. खरा क्रम याच्या उलट आहे. आधी कागदावर आकडा काढायचा: या अंतरावर, या डिशने, इतका सिग्नल यायला हवा. तो आकडा प्रत्यक्षात मिळेपर्यंत खांबावरून उतरायचं नाही. या लेखात मी ८ किलोमीटरची ५.८ गिगाहर्ट्झवरची लिंक उदाहरणाला घेतली आहे. तुमचं अंतर वेगळं असेल तर त्याच सूत्रांत तुमचे आकडे घाला.

आधी कायदा, थोडक्यात

५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातला मोठा भाग केंद्र सरकारने २०१८ च्या अधिसूचनेने परवानामुक्त केला: ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ. लांबच्या लिंकसाठी शेवटचा तुकडा सोयीचा. तिथे रेडिओची शक्ती आणि अँटेनाचा गेन (लहर एका दिशेत एकवटल्याने वाढलेला जोर) मिळून होणारी शक्ती, म्हणजे ईआयआरपी, ३६ डीबीएम (शक्ती मोजायचं एकक) किंवा ४ वॅटपर्यंत चालते. उपकरणाला डब्ल्यूपीसीची, म्हणजे दूरसंचार विभागाच्या रेडिओलहरींचं नियमन करणाऱ्या शाखेची, मान्यता असलेली पाहूनच घ्या. एक गोष्ट स्पष्ट असू द्या. परवानामुक्त आहेत त्या लहरी. इंटरनेट विकण्याचा धंदा परवानामुक्त नाही, त्याला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. स्वतःच्या दोन इमारती जोडणं वेगळं आणि गावभर पैसे घेऊन कनेक्शन देणं वेगळं.

रेषा मोकळी आहे का?

समोरची टेकडी डोळ्यांना दिसते म्हणजे लिंक चालेल, हा समज सर्वांत महागात पडतो. रेडिओलहर दोरीसारख्या बारीक रेषेत जात नाही. दोन डिशच्या मध्ये काकडीच्या आकाराचा, मधोमध फुगलेला एक पट्टा ती व्यापते. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. मधोमध त्याची त्रिज्या काढण्याचं सूत्र असं: किलोमीटरमधल्या अंतराला गिगाहर्ट्झमधल्या वारंवारितेच्या चौपटीने भागा, वर्गमूळ काढा आणि १७.३२ ने गुणा. ८ किलोमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झला उत्तर येतं सुमारे १०.२ मीटर. यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे रेषेच्या खाली, वर आणि बाजूंना ६ मीटर, पूर्ण मोकळा हवा. शिवाय पृथ्वीचा बाक. ८ किलोमीटरच्या मध्यावर तो जवळपास १ मीटर भरतो. म्हणजे मधल्या टेकाडाच्या माथ्यापासून तुमची रेषा किमान ७ मीटर वर असली पाहिजे.

गूगल अर्थमध्ये दोन्ही जागा टाकून उंचीचा छेद काढा. पण त्या नकाशातल्या उंचीवर विसंबून राहू नका, त्यात झाडं आणि नवी बांधकामं धरलेली नसतात. छेदातल्या प्रत्येक उंचवट्यावर झाडांसाठी १० ते १५ मीटर वाढवून बघा आणि मग प्रत्यक्ष जाऊन दुर्बिणीने खात्री करा.

सह्याद्रीत पाहणी कोणत्या महिन्यात केली, याला फार महत्त्व आहे. साग आणि बरीचशी पानझडी झाडं उन्हाळ्यात उघडी पडतात. एप्रिलमध्ये पलीकडचं पत्र्याचं छप्पर लख्ख दिसतं. जुलैमध्ये त्याच फांद्यांवर ओली पानं दाटतात आणि सिग्नल गिळून टाकतात. ५ गिगाहर्ट्झची लहर ओल्या पानोळ्यातून जवळपास जातच नाही. म्हणून पाहणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करा. ते जमत नसेल तर मधल्या प्रत्येक झाडाला पूर्ण पानोळा आहे असं धरा आणि झाडाची पुढच्या पाच वर्षांची वाढही त्यात घाला. झाड तोडून रेषा मोकळी करण्यापेक्षा खांब तीन मीटर उंच करणं केव्हाही चांगलं.

रेषा एखाद्या धरणाच्या फुगवट्यावरून जात असेल तर आणखी एक अडचण असते. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीत मिसळते आणि पाण्याची पातळी बदलली की सिग्नल वरखाली होतो. अशा वेळी एका टोकाची डिश मीटर-दोन मीटर खाली किंवा वर सरकवून सिग्नल स्थिर होतो का पाहा. शक्य असेल तर काठाच्या झाडीने किंवा उंचवट्याने परावर्तित लहर अडेल अशी जागा निवडा.

अपेक्षित सिग्नलचा आकडा

मोकळ्या हवेत लहर किती क्षीण होते ते काढू. किलोमीटरमधल्या अंतराचा लॉगॅरिदम (पाया १०) गुणिले २०, अधिक गिगाहर्ट्झमधल्या वारंवारितेचा लॉगॅरिदम गुणिले २०, अधिक ९२.४५. आपल्या उदाहरणात १८.१ अधिक १५.३ अधिक ९२.४५, म्हणजे १२५.८ डीबी (सिग्नलची घट-वाढ मोजायचं एकक). आता ३६ डीबीएम ईआयआरपीमधून हे वजा करा आणि समोरच्या डिशचा गेन मिळवा. समोर २५ डीबीआय (गेनचं एकक) गेनची, सव्वा फुटाची डिश असेल तर उणे ६४.८ डीबीएम. ३० डीबीआयची, दोन फुटांची डिश असेल तर उणे ५९.८.

डिश मोठी घेतली की प्रक्षेपणाची शक्ती तितकीच कमी करावी लागते, कारण वरची मर्यादा ३६ च आहे. २५ च्या डिशला रेडिओ ११ डीबीएमवर ठेवायचा, ३० च्या डिशला ६ वर. मग मोठ्या डिशचा फायदा काय? फायदा ऐकण्यात आहे. मोठी डिश समोरचा आवाज जास्त गोळा करते, झोत अरुंद असल्यामुळे आजूबाजूचा गोंगाट कमी उचलते, आणि शेजाऱ्याच्या लिंकलाही तिचा त्रास कमी होतो. दुबळी लिंक सुधारायला शक्तीचा स्लायडर शेवटपर्यंत ओढणं हा चुकीचा उपाय आहे. त्याने कायदा मोडतो, रेडिओचा सिग्नल विकृत होतो आणि नॉइज, म्हणजे नको असलेल्या लहरींचा गोंगाट, सगळ्यांचाच वाढतो. पैसे डिशवर खर्च करा.

हा सिग्नल पुरेसा आहे का, हे नॉइजवर ठरतं. ४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलला रेडिओची स्वतःची नॉइज पातळी साधारण उणे ९२ डीबीएम असते. म्हणजे ३० च्या डिशने सिग्नल आणि नॉइज यांत ३२ डीबीचं अंतर मिळतं आणि २५ च्या डिशने २७ डीबीचं. क्वाम ही लहरीवर डेटा भरण्याची रीत; तिचा आकडा मोठा तितका वेग जास्त. २५ डीबीच्या आसपास ६४-क्वाम नीट चालतं, २५६-क्वामला ३० च्या वर लागतात. बाहेरचा गोंगाट यातले चार-पाच डीबी सहज खातो. म्हणून या अंतराला मी ३० ची डिश सुचवेन. अंतर ३ किलोमीटर असेल तर युबिक्विटीचा पॉवरबीम किंवा मायक्रोटिकचा एलएचजी यांसारखा २५ च्या आसपासचा, डिश आणि रेडिओ एकत्र असलेला संच पुरतो.

पावसाची भीती ५ गिगाहर्ट्झला कमी आहे. ताशी ५० मिलिमीटरच्या धो-धो सरीतही किलोमीटरला साधारण पाव ते अर्धा डीबी जातो. ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओचं तसं नाही. तिथे तेवढ्याच पावसात किलोमीटरला १५ डीबीहून अधिक गळती होते आणि हवेतला ऑक्सिजन वेगळे १५ खातो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर लांबच्या लिंकला तो पट्टा विचारातच घेऊ नका.

टेबलावरची तयारी

दोन्ही रेडिओ खांबावर चढवण्याआधी घरात, टेबलावर जोडून पूर्ण चालू करा. डिश काढून किंवा तोंडं फिरवून ठेवा आणि शक्ती सर्वांत कमी करा. इतक्या जवळून पूर्ण शक्तीने समोरासमोर ठेवले तर रेडिओचा सिग्नल ऐकणारा भाग बधिर होतो, क्वचित जळतोही. दोन्ही टोकांना एकाच कंपनीचं उपकरण हवं. युबिक्विटीचं एअरमॅक्स आणि मायक्रोटिकचं एनव्ही-२ या त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धती आहेत, त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

प्रथम दोन्हीकडे एकच, ताजं फर्मवेअर चढवा. युबिक्विटीचा रेडिओ मुळात १९२.१६८.१.२० वर सापडतो, मायक्रोटिकचा १९२.१६८.८८.१ वर. आत शिरताच पासवर्ड बदला. कारखान्यातल्या पासवर्डसह डोंगरावर सोडलेला रेडिओ म्हणजे कुणीही यावं आणि लिंक बंद करून जावं. देश 'इंडिया' निवडा. ईआयआरपी मर्यादा आपोआप पाळण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा आणि डिशचा गेन खरा भरा.

फायबरकडच्या रेडिओला 'एपी पीटीपी' (मुख्य टोक) करा, शाळेकडच्याला 'स्टेशन पीटीपी' (जोडलं जाणारं टोक). दोन्ही ब्रिज मोडमध्ये. रेडिओने फक्त तारेचं काम करावं. राउटिंग, फायरवॉल, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणं) हे सगळं खाली बसवलेल्या राउटरने पाहावं. खांबावरच्या उपकरणाला जितकी कमी अक्कल तितकी दुरुस्ती सोपी. रेडिओंना स्थिर पत्ते द्या, उदाहरणार्थ १०.१०.५.२ आणि १०.१०.५.३, आणि जमल्यास ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच तारेवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये, ठेवा, म्हणजे शाळेतल्या प्रत्येक लॅपटॉपला रेडिओचं लॉगिन दिसणार नाही. सुरक्षेला डब्ल्यूपीए-२ आणि लांबलचक की. नाव असं ठेवा की स्क्रीनवर पाहताच कुठलं टोक ते कळावं: 'तालुका-ते-शाळा', 'शाळा-ते-तालुका'. अनेक जण डोंगरावर 'रेडिओ-१' आणि 'रेडिओ-२' यांत अडकतात.

अंतराचं सेटिंग मुद्दाम समजून घ्या. वायफायमध्ये पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याला पोच येण्याची वाट पाहिली जाते. ८ किलोमीटर जाऊन परत यायला लहरीला ५३ मायक्रोसेकंद लागतात, आणि साधं वायफाय घरातल्या अंतराच्या हिशोबाने बनवलेलं आहे. त्याचा एक स्लॉट ९ मायक्रोसेकंदांचा. पोच वाटेत असतानाच रेडिओ ती हरवली असं समजतो आणि तोच तुकडा पुन्हा पाठवतो. सिग्नल उत्तम पण वेग रडका, अशी लिंक दिसली की पहिला संशय इथे घ्या. एअरमॅक्स आणि एनव्ही-२ वेळेचे ठराविक हप्ते वाटून देतात, त्यामुळे हा प्रश्न बराच सुटतो, तरीही अंतर तपासा. आपोआप ओळखलेलं अंतर भलतंच असेल तर हाताने ८ किलोमीटरपेक्षा थोडं जास्त भरा.

चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झने सुरू करा. ८० ने वेग दुप्पट होईल असं वाटतं, पण रुंदी दुप्पट केली की नॉइज ३ डीबीने चढतो आणि इतका रुंद मोकळा पट्टा शहराजवळ मिळत नाही. शाळेची गरज ५० एमबीपीएस असेल तर २० मेगाहर्ट्झची शांत लिंक ८० च्या गोंगाटी लिंकपेक्षा कितीतरी बरी.

खांब, तार, अर्थिंग

दोन इंची जीआय पाईप, भिंतीला किमान दोन जागी क्लॅम्प आणि उंची तीन मीटरच्या वर गेली तर तीन दिशांना ताण. डिश दोन फुटांची असेल तर जूनमधला वारा तिला शिडासारखी ढकलतो. खांब हलला की लिंक हलली. खांब स्पिरिट लेव्हलने ओळंब्यात उभा करा, नाहीतर आडवी दिशा फिरवताना उभा कोनही बदलत जातो.

तार बाहेर टिकणारी, शिल्डेड, पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण ६० मीटरवर व्होल्टेज इतकं पडतं की रेडिओ रात्री-अपरात्री आपोआप रीबूट होत राहतो. शिल्डेड आरजे-४५ वापरून शिल्डची तार अर्थिंगला जोडा, खांबाला वेगळं अर्थिंग द्या आणि इमारतीत तार शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर बसवा. आपल्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा रेडिओंचा सर्वाधिक घास घेतात. थेट वीज पडली तर काहीच वाचत नाही, पण जवळपास पडलेल्या विजेपासून हे बऱ्याचदा वाचवतं. रेडिओच्या तोंडाशी तारेला खाली वळसा द्या, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता गळून पडेल. माकडांचा वावर असेल तर तार लोखंडी पाईपातूनच न्या. ती लोंबती तार ओढतात आणि डिशवर बसून तिचा कोन बदलतात.

पीओईचं, म्हणजे नेटच्या तारेतूनच रेडिओला मिळणाऱ्या विजेचं, व्होल्टेज दोनदा तपासा. अनेक रेडिओ २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर चालतात, आणि ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर लावला तर जळतात. असा रेडिओ ७ ते ९ वॅट खातो, म्हणजे दिवसाला २०० वॅट-तासांच्या आसपास. वीज वारंवार जाते अशा वाडीत त्या हिशोबाने सोलर पॅनेल आणि बॅटरी घ्या, आणि सलग तीन ढगाळ दिवस धरून बॅटरी ठरवा.

अलाइनमेंट

दोन्ही टोकांना एकेक माणूस हवा आणि दोघांमध्ये बोलण्याची सोय. तिथे मोबाइल नसेल तर वेळा आधी ठरवून घ्या: पहिली वीस मिनिटं या टोकाने हलवायचं, पुढची वीस त्या टोकाने. दोघांनी एकाच वेळी डिश हलवायची नाही.

नकाशावरून दिशेचा कोन काढा आणि होकायंत्राने दूरची एखादी खूण हेरा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे दुरुस्तीची गरज नाही. मात्र होकायंत्र लोखंडी खांबापासून आणि पत्र्यापासून चार-पाच मीटर दूर धरा. ३० डीबीआयच्या डिशचा झोत सुमारे ५ अंशांचा असतो, आणि ८ किलोमीटरवर एक अंश म्हणजे १४० मीटर.

आता शक्ती ठरवलेल्या पातळीवर आणा आणि एका टोकाची डिश आडव्या दिशेत सावकाश, पूर्ण पट्ट्यात फिरवा. सिग्नल वर चढला की थांबू नका, तो शिखर ओलांडून पुन्हा खाली येईपर्यंत फिरवा. डिशला मुख्य झोताखेरीज बाजूंनाही छोटे झोत असतात. तिथेही सिग्नल चढतो, उतरतो आणि हुबेहूब शिखरासारखा वागतो. फरक एवढाच की तो १५ ते २० डीबीने कमी असतो. उणे ७८ वर शिखर सापडलं म्हणून नट आवळून घरी गेलेली माणसं पुढचं वर्षभर लिंकला दोष देत राहतात. कागदावरचा उणे ५९.८ हा आकडा इथे कामी येतो. आडवी दिशा झाली की उभा कोन, मग समोरचं टोक, मग पुन्हा पहिलं. आकडा अपेक्षेच्या ३-४ डीबीच्या आत आला पाहिजे. नाहीच आला तर कारण शोधा: रेषेत काहीतरी आहे, बाजूचा झोत पकडला आहे किंवा डिशचा फीड, म्हणजे तिच्यासमोर लहर सोडणारा-गोळा करणारा भाग, नीट बसलेला नाही.

रेडिओ दोन चेनवर, म्हणजे उभ्या आणि आडव्या ध्रुवीकरणातल्या दोन वेगळ्या मार्गांवर, चालतो. दोन्ही चेनचे आकडे एकमेकांच्या ३-४ डीबीच्या आत हवेत. एक चेन १० डीबीने खाली असेल तर कनेक्टर सैल आहे किंवा त्यात पाणी आहे. नट आवळताना सिग्नलवर डोळा ठेवा. आवळताना डिश हमखास सरकते. शेवटी खांबावर आणि ब्रॅकेटवर रंगाची एक आडवी खूण ओढा. पुढे डिश हलली का, हे खालूनच कळेल.

चॅनेल आणि चाचणी

स्पेक्ट्रम पाहणी दोन्ही टोकांवरून करा. नॉइज ऐकणाऱ्याच्या टोकाला मोजायचा असतो. तालुक्याच्या टोकाला दहा केबलवाल्यांचे रेडिओ असतील आणि शाळेकडे पूर्ण शांतता. पाहणी संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान करा, तेव्हाच वापर शिगेला असतो. ५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ या पट्ट्यांत डीएफएस लागतं: रेडिओ आधी रडार ऐकतो आणि सापडलं तर चॅनेल सोडतो. मुंबईत वेरावलीला सी-बँडचं, म्हणजे याच पट्ट्याच्या आसपास चालणारं, हवामान रडार आहे. त्याच्या आसपास हा पट्टा टाळाच. पावसाळ्यात ते रडार लोकांचे जीव वाचवण्याचं काम करतं, त्याच्यात आपली लिंक आड येऊ नये.

चाचणी रेडिओच्या अंगभूत स्पीडटेस्टवर सोडू नका, त्यात रेडिओचा प्रोसेसरच थकतो आणि आकडा खोटा येतो. दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून आयपर्फ-३ हा वेग मोजणारा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा, एकेका दिशेने आणि मग दोन्ही दिशांनी एकदम. स्क्रीनवर दिसणाऱ्या लिंकदराच्या साधारण निम्मा खरा वेग मिळतो, ते योग्यच आहे. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत पिंग, म्हणजे समोरून उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, चालू ठेवा. पूर्ण भार असताना पिंग दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या आत राहिला आणि एकही पाकीट गळलं नाही, तर लिंक चांगली. इथरनेट पोर्ट गिगाबिटऐवजी १०० वर जुळला असेल तर आधी क्रिम्पिंग, म्हणजे तारेच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं, पुन्हा करा.

नंतरची देखभाल

बसवल्या दिवशीचे आकडे, म्हणजे दोन्ही टोकांचा सिग्नल, दोन्ही चेन, नॉइज, वारंवारिता आणि शक्ती, एका कागदावर लिहून पीओईच्या डब्यात चिकटवा. लिब्रेएनएमएस किंवा मायक्रोटिकचं द ड्यूड यांसारखा नेटवर्कवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम वापरून आलेख ठेवता आला तर उत्तम. सिग्नल दोन्ही टोकांना सारखाच उतरला तर डिश हलली आहे किंवा रेषेत झाड आलं आहे. एकच चेन उतरली तर पाणी. सिग्नल जसाच्या तसा पण वेग पडला तर नवा शेजारी आला आहे, चॅनेल बदला. फक्त पहाटे उतरत असेल तर दरीत साचलेल्या थंड हवेच्या थरांमुळे लहर वाकते आहे. अशा लिंकला सिग्नलमध्ये १५ डीबीची शिल्लक ठेवूनच चालावं लागतं.

पिंग वॉचडॉग (ठरावीक पत्त्याकडून पिंगला उत्तर आलं नाही तर रेडिओ रीबूट करणारी सोय) लावायचा तर तो समोरच्या रेडिओच्या पत्त्यावर लावा. इंटरनेटवरच्या पत्त्यावर लावला तर फायबर तुटल्यावर धडधाकट रेडिओ दर पाच मिनिटांनी स्वतःला रीबूट करत बसतो.

दुरून सेटिंग बदलताना नेहमी पलीकडचं टोक आधी बदला. तिथला रेडिओ तुटेल, मग जवळचा बदला, तो पुन्हा जोडला जाईल. उलटं केलंत तर पलीकडे पोहोचायला घाटरस्ता आहेच. युबिक्विटीमध्ये बदल तात्पुरता लावून पाहण्याची सोय आहे: तीन मिनिटांत पक्का केला नाही तर जुनं सेटिंग परत येतं. मायक्रोटिकमध्ये तेच काम सेफ मोड करतो. वारंवारिता बदलणार असाल तर स्टेशनच्या स्कॅन यादीत नवी वारंवारिता आहे ना, ते पाहूनच एपीला हात लावा.